नाकासाठी बाग: हिवाळ्यातली सुवासिक हंगामी फुलझाडं कशी निवडावीत, कशी वाढवावीत

मोगऱ्याचा बहर उन्हाळ्याचा, जुईचा पावसाळ्याचा, प्राजक्ताचा सडा पावसाळ्यापासून फार तर दिवाळीपर्यंत. त्यानंतर मार्गशीर्ष-पौषात बागेत रंगांना तोटा नसतो, शेवंती असते, झेंडू असतो, पण संध्याकाळी गॅलरीत उभं राहिलं तर नाकाला काही लागत नाही. ही उणीव हंगामी फुलझाडं भरून काढतात. ती एका हंगामात उगवतात, फुलतात आणि संपतात. बियांच्या दोन-तीन पुड्यांत काम भागतं.

अडचण एकच. ही झाडं आपण रंगावरून घेतो. नर्सरीवाला दाखवतो ती भरगच्च फुललेली पिशवी, पुडीवर असतो तो भडक फोटो. फोटोला वास नसतो. आणि गेल्या शंभरेक वर्षांत बहुतेक फुलांच्या जाती तयार करताना मोठं फूल, नवा रंग, बुटकं झाड आणि टिकाऊपणा याच गोष्टी पाहिल्या गेल्या, सुवासाकडे फारसं कोणी बघितलं नाही. म्हणून एकाच नावाच्या दोन पुड्यांपैकी एक दरवळते आणि दुसरी नुसती दिसते.

निवड: आधी घड्याळ बघा, मग रंग

पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा: मी बागेत कधी असतो? फूल सुवास सोडतं ते परागीभवन करणाऱ्या किड्यांसाठी, आपल्यासाठी नव्हे. ज्याचा पाहुणा मधमाशी ते दिवसा दरवळतं, ज्याचा पाहुणा रात्रीचा पतंग ते दिवस मावळल्यावर. सकाळी चहा घेऊन झाडांपाशी बसणाऱ्याला स्वीट पी, स्टॉक आणि अॅलिसम पावतील. सात-आठला ऑफिसमधून घरी येणाऱ्याने ती लावली तर त्याच्या वाट्याला फक्त रविवार येतो. त्याने पांढरी किंवा जांभळी पेट्युनिया, निकोटियाना आणि गुलबक्षी लावावी.

दुसरी गोष्ट म्हणजे रंग. नियम पक्का नाही, पण ढोबळमानाने चालतो: पांढरी, फिकी आणि जांभळी फुलं वासाला बरी, भडक लाल, केशरी, पट्ट्यापट्ट्यांची बहुधा मुकी. पेट्युनियात तर हे स्पष्ट दिसतं. आजची बागेतली पेट्युनिया दक्षिण अमेरिकेतल्या रानटी जातींच्या संकरातून आली आहे. त्यांतली पांढरी रात्री दरवळणारी आणि पतंगांना बोलावणारी, जांभळट जात मधमाश्यांची. पांढऱ्या आणि गडद निळ्या-जांभळ्या पेट्युनियाला संध्याकाळी जो वास येतो तो लाल किंवा पिवळ्या पेट्युनियाला सहसा येत नाही. त्यातून नर्सरीत आपण जातो सकाळी अकराला, तेव्हा पेट्युनियाचा वास घेऊन काही कळत नाही. संध्याकाळी जा.

आणखी एक सोपा मार्ग आहे. पुण्यात एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत पुष्पप्रदर्शन भरतं, मुंबईत राणीच्या बागेतही हिवाळ्यात भरतं. तिथे लोक फोटो काढत असतात. तुम्ही नाक पुढे करा, ज्या फुलाला वास आहे त्याची पाटी वाचून जातीचं नाव टिपून घ्या आणि पुढच्या हंगामासाठी नेमकं तेच बी शोधा.

तिसरी गोष्ट गाव कुठलं. पुणे, नाशिक, सातारा, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगरकडची रात्रीची थंडी या झाडांना मानवते. नागपूर-अमरावतीकडे थंडी चांगली पडते, पण फेब्रुवारीच्या शेवटी ऊन एकदम तापतं, म्हणून तिथे उशीर परवडत नाही. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर रात्रीचं तापमान पुरेसं उतरत नाही. तिथे स्टॉक नुसता पाल्याने वाढतो आणि कळीच धरत नाही. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी स्टॉक आणि स्वीट पीच्या नादी लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे. अॅलिसम, पेट्युनिया, निकोटियाना आणि गुलबक्षी यांत त्यांचं भागतं, आणि चांगलं भागतं.

स्वीट पी

सुवासिक हंगामी फुलांत पहिला मान हिचाच. मूळची सिसिलीची. १६९९ साली फ्रान्सिस्को कुपानी या तिथल्या धर्मगुरूने हिचं बी इंग्लंडला पाठवलं आणि पुढे तिथे ती घरोघरी पोचली. त्या मूळ जातीची फुलं लहान, वरची पाकळी गडद किरमिजी, खालच्या जांभळ्या, आणि सुवास घमघमणारा. १९०१ च्या सुमारास ‘स्पेन्सर’ प्रकारची मोठ्या, झालरीच्या पाकळ्यांची स्वीट पी आली आणि तिने बाजार जिंकला. दिसायला देखणी, पण त्यातल्या बऱ्याच जातींत वास उणावला. म्हणून पुडीवर ‘कुपानी’ किंवा ‘मटुकाना’ हे जातीचं नाव दिसलं तर ती आधी उचला. ती मिळाली नाही तर ‘सुवासिक’ असं स्पष्ट छापलेली पुडी घ्या आणि फुलाच्या आकाराला भुलू नका.

बी कठीण कवचाचं असतं. रात्रभर कोमट पाण्यात भिजत घाला. सकाळी काही दाणे फुगून दुप्पट झालेले दिसतील, काही तसेच गुळगुळीत राहतील. न फुगलेल्यांना नेलकटरने किंवा पॉलिश पेपरने डोळ्याच्या विरुद्ध बाजूला जरासा ओरखडा काढा आणि पुन्हा भिजवा. मुळं हलवलेली या झाडाला आवडत नाहीत, म्हणून बी थेट कुंडीतच टोचायचं: इंचभर खोल, दोन दाण्यांत तीन-चार इंच अंतर. कुंडी खोल हवी, निदान बारा-चौदा इंच. अशा एका कुंडीत चार-पाच वेल पुरे.

आठ-दहा दिवसांत कोंब येतात. वेल चार इंचांचा झाला आणि पानांच्या तीन-चार जोड्या आल्या की शेंडा खुडा. हात धजत नाही, पण खुडल्याशिवाय खालून फुटवे येत नाहीत आणि एकच काडी वर चढत राहते. आधार पहिल्या आठवड्यातच द्या. जाड बांबू या वेलाच्या कामाचा नाही, त्याचे ताणे केसासारखे बारीक असतात आणि त्यांना धरायला बारीक काहीतरी लागतं. बांबू उभे करून मधे सुतळीची जाळी विणा, पाच-सहा फूट उंच.

सुमारे तीन महिन्यांनी फुलं येतात. मग रोज तोडा, हातचं राखू नका. एकदा शेंगा धरायला लागल्या की झाडाला वाटतं काम झालं, आणि बहर थांबतो. चार दांड्या पेल्यात ठेवल्या तरी खोली भरते.

एक इशारा मात्र ठळकपणे: हिच्या शेंगा मटारसारख्या दिसतात, पण दाणे विषारी आहेत. विदर्भातल्या लाखोळीच्याच कुळातली ही. घरात लहान मुलं असतील तर शेंग दिसली की काढून टाका आणि मटारच्या वेलाशेजारी स्वीट पी कधीच लावू नका.

स्टॉक, आणि त्याच्या पायाशी अॅलिसम

स्टॉकला लवंगेचा वास येतो. फूटभर ते दीड फुटाचा सरळ दांडा, त्यावर गच्च फुलं. एकेरी आणि दुहेरी दोन्ही झाडं एकाच पुडीतून निघतात, कारण दुहेरी फुलाला बी धरतच नाही, ते एकेरी झाडांपासूनच घ्यावं लागतं. एकेरी निघालेली उपटू नका, वास त्यांनाही असतो. स्टॉकला कळी धरायला काही आठवडे सलग थंडी लागते, म्हणून तो वेळेत पेरणं याला पर्याय नाही. एका दांड्याच्या जातींचा शेंडा खुडायचा नाही. खुडलात तर मुख्य तुराच गेला.

स्टॉक आणि अॅलिसम दोन्ही कोबी-मोहरीच्या कुळातली. कोबीवर पडणारी हिरवी अळी आणि मावा यांच्यावरही येतो. गेल्या वर्षी कोबी, मुळा किंवा मोहरी ज्या मातीत होती ती माती यांच्यासाठी वापरू नका.

अॅलिसम नवशिक्यांसाठी उत्तम. जेमतेम सहा इंचांचं झाड, मधासारखा गोड वास, पेरल्यापासून सहा-आठ आठवड्यांत फूल. बी मातीवर भुरभुरवायचं आणि झाकायचं नाही, त्याला उजेड लागतो. पांढरा घ्या, जांभळ्यापेक्षा त्याचा वास मोकळा येतो. शिवाय त्याच्यावर येणाऱ्या लहान माश्यांच्या अळ्या मावा फस्त करतात, म्हणून गुलाबाच्या किंवा मिरचीच्या कुंडीच्या कडेलाही तो पेरावा. पहिला बहर सुकला की कात्रीने वरून दोन इंच छाटा, पाणी द्या, तीन आठवड्यांत पुन्हा फुलतो.

संध्याकाळची मंडळी

पेट्युनियाबद्दल वर आलंच. निकोटियाना ही शोभेची तंबाखू. ‘अलाटा’ ही उंच, पांढऱ्या फुलांची जात निवडा: दिवसभर मरगळल्यासारखी दिसते आणि अंधार पडू लागला की ताठ होऊन दरवळते. बुटक्या, रंगीबेरंगी, दिवसा उघडणाऱ्या संकरित जातींना वास जवळपास नसतो. झाड विषारी आहे, जनावरांच्या आणि मुलांच्या तोंडी लागणार नाही असं ठेवा.

पेट्युनिया आणि निकोटियाना दोन्ही टोमॅटो-मिरचीच्या कुळातली आहेत. तंबाखूच्या पानांतून येणारा मोझॅक विषाणू यांना लागतो आणि तो हातांवरून पसरतो. तंबाखू मळणाऱ्याने साबणाने हात धुतल्याशिवाय ही रोपं हाताळू नयेत. माळीकाकांना हे सांगताना जरा अवघड वाटतं, पण सांगायला हवं.

गुलबक्षी खरं तर कंद धरून वर्षानुवर्षं जगते, पण आपण ती बियांपासून हंगामीसारखीच लावतो. थंडीची गरज नाही, उलट हिला ऊब आणि पाऊस हवा. वाटाण्याएवढं काळं, सुरकुतलेलं बी मे-जूनमध्ये अर्धा इंच खोल टोचलं की आठवड्यात उगवतं आणि गणपतीच्या आसपास फुलायला लागतं. संध्याकाळी चार-पाचच्या सुमारास कळ्या उमलतात, सकाळी ऊन चढलं की मिटतात. पिवळी आणि पांढरी वासाला मला गुलबक्षी रंगाच्या गुलबक्षीपेक्षा उजवी वाटतात. बी आणि मूळ दोन्ही पोटात जाता कामा नये. अंगणात एकदा लावली की दरवर्षी आपसूक उगवते. नको असलेली रोपं कोवळी असताना उपटा, नंतर कंद खोल जातो.

दवण्याला विसरू नका

फुलांच्या यादीत हा कोणी घेत नाही, कारण याची फुलं बारीक, पिवळट आणि दुर्लक्ष करावीत अशीच. पण दवणा अस्सल हंगामी झाड आहे, आणि सुवासात वरच्या कुठल्याही परदेशी पाहुण्याला ऐकत नाही. चैत्रात जोतिबाला वाहतात तो हाच. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बी पेरा, रोपं बोटभर झाली की सहा इंचांवर लावा, ऊन भरपूर आणि पाणी बेताचं. फेब्रुवारी-मार्चमध्ये कळ्यांवर आला की वास शिगेला पोचतो. पायवाटेच्या कडेला लावा, म्हणजे जाता-येता पाय घासला की दरवळेल.

पेरणी: घट बसले की कामाला लागा

आपल्याकडे यासाठी कॅलेंडर हाताशीच आहे. घटस्थापनेच्या आसपास ट्रेमध्ये बी पडलं पाहिजे, दिवाळीच्या आगेमागे रोपं कुंडीत गेली पाहिजेत, मग संक्रांतीपासून होळीपर्यंत बहर मिळतो. परतीचा पाऊस मधे धिंगाणा घालतो, म्हणून ट्रे पत्र्याखाली किंवा खिडकीच्या सज्जाखाली ठेवा. स्वीट पी मात्र पाऊस पुरता ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या उत्तरार्धात थेट कुंडीत. इंग्लंड-अमेरिकेत असाल तर हेच सगळं वसंतात सुरू करायचं आणि उन्हाळ्यात फुलं घ्यायची.

ट्रेसाठी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि चाळलेलं गांडूळखत निम्मंनिम्म. कोकोपीट आधी दोन-तीन वेळा धुऊन घ्या, त्यात क्षार असतात. पेट्युनिया आणि निकोटियानाचं बी धुळीसारखं बारीक असतं, फुंकर मारली तर उडेल. कागदावर बी ओता, आगकाडीचं मागचं टोक पाण्यात बुडवा, टोकाला एक-दोन कण चिकटतील ते ट्रेच्या एका खणात टेकवा. किंवा चिमूटभर बी चमचाभर कोरड्या बारीक वाळूत मिसळून पसरा. माती वर घालायची नाही. ट्रेला प्लॅस्टिक झाका, सावलीत ठेवा, कोंब दिसले की त्याच दिवशी प्लॅस्टिक काढा आणि सकाळच्या उन्हात हलवा. एक दिवस उशीर झाला की रोपं उजेड शोधत लांबुडकी होतात.

या टप्प्यावर सर्वांत मोठा शत्रू म्हणजे मर. सकाळी बघावं तर काल टवटवीत असलेली रोपं मातीलगत बारीक होऊन आडवी पडलेली असतात. जवळून पाहिलं तर खोडाला सुरीने कातरल्यासारखी तपकिरी खाच दिसते. ही बुरशी आहे आणि आडवं पडलेलं रोप पुन्हा उभं राहत नाही. त्यामुळे उपाय आधीच: मिश्रणात किलोमागे पाच-दहा ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयुक्त बुरशी) मिसळा, बी दाट टाकू नका, वरून झारीने ओतण्याऐवजी ट्रे पाण्याच्या ताटात ठेवून खालून पाणी शोषू द्या, आणि संध्याकाळी पाणी देणं बंद करा.

कुंडी, माती, खत

नुसती काळी माती कुंडीत भरू नका. ती भिजली की चिखल आणि वाळली की दगड. दोन भाग लाल माती किंवा पोयटा, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट, आणि कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड. तळाचं भोक खापरीच्या तुकड्याने अर्धवट झाका. शेणखत पूर्ण कुजलेलं हवं, हातात घेतलं तर मातीचा वास यायला हवा, शेणाचा नाही.

रोपाला चार ते सहा पानं आली की लावा, संध्याकाळी. बारा इंचांच्या कुंडीत पेट्युनियाची तीन, स्टॉकची तीन, निकोटियानाचं एक रोप. पहिले दोन-तीन दिवस दुपारी सावली.

खताबाबत हात आखडता ठेवा. नत्र जास्त झालं की पानं माजतात आणि फुलं मागे पडतात. लावणीनंतर पंधरा दिवसांनी १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं, पाण्यात विरघळणारं खत) लिटरला दोन ग्रॅम, दोन वेळा. कळ्या दिसू लागल्या की ०:५२:३४ (नत्र नसलेलं, फक्त स्फुरद-पालाशाचं) त्याच प्रमाणात, पंधरवड्याने एकदा. रासायनिक नको असेल तर पातळ केलेलं जीवामृत आठवड्याला पुरेल. स्वीट पी शेंगवर्गीय आहे, तिला नत्र वेगळं देण्याची गरजच नाही.

थंडीत पाणी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, बोट मातीत खुपसून पाहून. पाणी मुळाशी; फुलांवर पडलेलं पाणी पेट्युनियाच्या पाकळ्या कुजवतं.

जानेवारीत स्वीट पीवर पिठासारखी भुरी दिसली की दाटी झालेली पानं काढा आणि पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम फवारा, सकाळी, कडक ऊन नसताना. मावा दिसला तर आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन बघा, नाहीतर निंबोळी तेल लिटरला पाच मिली, थोड्या साबणाच्या पाण्यात. ही तेलाची फवारणी उन्हं उतरल्यावर, मधमाश्या परतल्यावर.

कुंडी कुठे ठेवायची

इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो. ऊन पाच-सहा तास हवंच, पण वारा सुवासाला उडवून नेतो. दहाव्या मजल्याच्या उघड्या कठड्यावर ठेवलेली पेट्युनिया शेजारच्या सोसायटीला दरवळेल, तुम्हाला नाही. भिंतीचा कोपरा, जिन्याचं वळण, दाराची चौकट, खिडकीखालची जागा अशा आडोशाच्या ठिकाणी वास साठतो. हिवाळ्यात आपण खिडक्या लावून बसतो, म्हणून संध्याकाळची झाडं दाराजवळच हवीत, जिथून चपला घालताना-काढताना दोन मिनिटं जातात. अॅलिसमसारखं बुटकं झाड जमिनीवर ठेवून उपयोग नाही, त्याला कठड्याच्या उंचीवर किंवा टांगत्या कुंडीत आणा.

एका कोपऱ्यात एकच वास. स्टॉकची लवंग आणि निकोटियानाचा जडसर गोडवा शेजारी ठेवला तर दोन्ही बिघडतात. आणि कोमेजलेली फुलं रोज खुडा. परागीभवन झालेली पेट्युनिया तसाही वास सोडणं बंद करते, ती नुसती जागा अडवते.

बी धरायचं तर

मार्चच्या मध्यावर ऊन तापलं की झाडं पिवळी पडू लागतात. त्यांना खत-पाण्याने ओढून नेण्यात अर्थ नाही. स्वीट पीचा सर्वांत सुवासिक वेल आधीच सुतळी बांधून खूण करून ठेवा आणि शेवटच्या पंधरवड्यात फक्त त्याच्याच शेंगा धरू द्या. शेंग तपकिरी होऊन खुळखुळायला लागली की तोडा, नाहीतर ती दुपारी तडकून दाणे लांब फेकते. अॅलिसमच्या सुकलेल्या काड्या कागदावर झटकल्या की बी मिळतं, स्टॉकचं एकेरी झाडावरून घ्या. संकरित पेट्युनियाचं धरू नका, पुढच्या पिढीत काय निघेल याचा भरवसा नाही, दरवर्षी नवी पुडी आणलेली बरी. धरलेलं बी आठवडाभर सावलीत वाळवून कागदी पाकिटात घाला, वर नाव, रंग आणि ‘वास: सकाळ’ की ‘वास: संध्याकाळ’ हे लिहा, पाकिटं घट्ट झाकणाच्या डब्यात चमचाभर कोरड्या तांदळासोबत ठेवा. स्वीट पीच्या पाकिटावर ‘विषारी’ असं मोठ्या अक्षरांत लिहा आणि तो डबा स्वयंपाकघरात ठेवू नका.